वाक्याची आकृती आणि मराठी व्याकरणाचे अध्यापन : रायगड किनारपट्टीच्या संदर्भात

सारांश

मराठी व्याकरणाच्या अध्यापनात वाक्यपृथक्करणाचा तक्ता दीर्घकाळ प्रचलित आहे. इंग्रजी शिक्षणपरंपरेत याच हेतूने वाक्याच्या आकृतीचा वापर झाला. प्रस्तुत लेखात या दोन्ही पद्धतींचा परिचय करून दिला आहे आणि मराठी वाक्याच्या स्वभावाला अनुरूप अशी क्रियापदकेंद्री आकृती कशी काढावी, हे उदाहरणांसह स्पष्ट केले आहे. आगरी, कोळी इत्यादी बोली घेऊन महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थ्याला अशी आकृती कोणत्या अर्थाने उपयुक्त ठरते आणि तिच्या मर्यादा कोणत्या, याचाही विचार केला आहे.

बीजसंज्ञा : वाक्यपृथक्करण, वाक्याकृती, कारक, प्रयोग, बोली, प्रमाणभाषा.

प्रास्ताविक

महाविद्यालयीन विद्यार्थ्याला व्याकरण येत नाही, ही तक्रार प्राध्यापकांच्या खोलीत वारंवार ऐकू येते. या तक्रारीत दोन भिन्न गोष्टी मिसळलेल्या असतात. एक म्हणजे ऱ्हस्वदीर्घ, अनुस्वार, 'न-ण', 'ल-ळ' यांच्या चुका. दुसरी म्हणजे वाक्याची रचनाच कोलमडणे. पहिल्या प्रकारच्या चुका चटकन डोळ्यांत भरतात, म्हणून उत्तरपत्रिकेवरील लाल शाई बहुतांशी त्यांच्यावरच खर्च होते. दुसऱ्या प्रकारची चूक अधिक मूलभूत असूनही ती समासात 'वाक्यरचना पाहा' एवढ्या शेऱ्यावर सोडली जाते. विद्यार्थ्याने नेमके काय पाहावे, हे मात्र त्या शेऱ्यातून कळत नाही.

अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, उरण या किनारपट्टीवरील तालुक्यांत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. येथील अनेक विद्यार्थ्यांची घरची भाषा आगरी किंवा कोळी बोली असते. आपण बोलतो ते 'अशुद्ध' आहे आणि त्याला व्याकरण नाही, ही समजूत शालेय वयातच त्याच्या मनात रुजलेली असते. परिणामी वर्गात तो बोलणे टाळतो आणि लिहिताना पाठ केलेल्या वाक्यांचा आधार घेतो. व्याकरणाचा तास त्याला स्वतःच्या भाषेची ओळख करून देणारा ठरावा की त्याचा संकोच वाढवणारा, हे पुष्कळ अंशी अध्यापनपद्धतीवर अवलंबून आहे. वाक्याच्या आकृतीचा विचार या पार्श्वभूमीवर करावयाचा आहे.

तक्ता आणि आकृती : थोडी पार्श्वभूमी

दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले. मोरो केशव दामले यांच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरण' (१९११) या ग्रंथाने मराठी व्याकरणविचाराला भक्कम पाया दिला. अव्वल इंग्रजी काळापासूनच्या या परंपरेवर एकीकडे संस्कृत व्याकरणाचा आणि दुसरीकडे इंग्रजी व्याकरणाचा प्रभाव राहिला. वाक्याचे उद्देश्य आणि विधेय असे दोन विभाग पाडून त्याचे पृथक्करण करण्याची शालेय रीत हे या दुसऱ्या प्रभावाचे फलित होय. मो. रा. वाळंबे यांच्या 'सुगम मराठी व्याकरण व लेखन' या पुस्तकामुळे ही रीत घरोघरी पोहोचली. उद्देश्य, उद्देश्यविस्तार, कर्म, कर्मविस्तार, विधानपूरक, विधेयविस्तार आणि क्रियापद असे रकाने आखून वाक्यातील शब्द त्यांत भरायचे, असे तिचे स्वरूप आहे. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत ती आजही आढळते.

अमेरिकेत याच काळात निराळा मार्ग चोखाळला गेला. स्टीफन क्लार्क यांनी १८४७ मध्ये वाक्यातील पदे एकमेकांना जोडलेल्या फुग्यांत लिहून दाखवली. पुढे अलोन्झो रीड आणि ब्रेनर्ड केलॉग या ब्रुकलिन येथील दोन अध्यापकांनी १८७७ मध्ये फुग्यांच्या जागी रेषा आणल्या. एका आडव्या रेषेवर कर्ता, क्रियापद व कर्म लिहायचे. कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये आडवी रेषा छेदून जाणारी उभी रेघ द्यायची. विशेषणे व क्रियाविशेषणे ज्या शब्दाशी निगडित असतील त्याच्याखाली तिरप्या रेघांवर टांगायची, अशी ही पद्धत आहे. ती अमेरिकी शाळांत अनेक दशके टिकली. फ्रेंच भाषाभ्यासक ल्यूसियँ तेनिएर यांच्या मरणोत्तर, १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मात्र क्रियापद सर्वांत वर ठेवून बाकीची पदे त्याच्या आधाराने खाली उतरत जाणारी आकृती मांडलेली आहे. मराठीच्या दृष्टीने ही मांडणी अधिक जवळची आहे.

तक्ता आणि आकृती यांतील भेद वरवरचा नाही. तक्ता शब्दाला नाव देतो. आकृती शब्दाचे नाते दाखवते. 'मच्छीमारांच्या मागण्यांचा विचार' हे पद तक्त्यात 'कर्म' आणि 'कर्मविस्तार' या दोन रकान्यांत विभागले जाते. परंतु 'मच्छीमारांच्या' हा शब्द 'विचार' या शब्दाचा विस्तार नसून 'मागण्यां'चा आहे, ही गोष्ट रकान्यात दिसत नाही. रकाने भरणे हा पुढे पाठांतराचा भाग झाला आणि वाक्यपृथक्करण नीरस ठरले, त्याचे एक कारण येथे सापडते.

मराठी वाक्यासाठी क्रियापदकेंद्री आकृती

रीड-केलॉग पद्धत मराठीला जशीच्या तशी लावता येत नाही. ती इंग्रजीच्या पदक्रमावर उभी आहे. इंग्रजीत कर्ता कोणता हे प्रायः त्याच्या स्थानावरून कळते. मराठीत ते विभक्तिप्रत्ययांवरून आणि क्रियापदाच्या रूपावरून कळते. शिवाय 'त्याला भूक लागली' यासारख्या वाक्यात आडव्या रेषेच्या आरंभी 'त्याला' लिहावे की 'भूक', असा पेच पडतो. क्रियापदाच्या रूपाकडे पाहिल्यास 'भूक' हे उद्देश्य ठरते, तर अर्थाकडे पाहिल्यास वाक्य 'त्या'च्याविषयी असते. क्रियापद माथ्यावर ठेवले की हा पेच सुटतो. 'भूक' आणि 'त्याला' या दोन्ही फांद्या 'लागली' या क्रियापदाला स्वतंत्रपणे जोडता येतात.

या मांडणीला आपल्या परंपरेतही आधार आहे. पाणिनीय व्याकरणात कर्ता, कर्म, करण, संप्रदान, अपादान आणि अधिकरण ही सहा कारके क्रियेशी असलेल्या संबंधावरून ठरतात. षष्ठीचा संबंध मात्र नामाचा नामाशी असतो, म्हणून षष्ठीची गणना कारकांत होत नाही. आकृतीच्या भाषेत सांगायचे तर कारकांच्या फांद्या क्रियापदातून फुटतात आणि 'चा-ची-चे' या प्रत्ययांची फांदी नामातून फुटते. संगणकाच्या साहाय्याने भारतीय भाषांतील वाक्यांचे विश्लेषण करताना हैदराबाद येथील अभ्यासकांनी कारकसंबंधांवर आधारलेली अशीच वृक्षरचना स्वीकारली, ही गोष्टही येथे लक्षात घेण्यासारखी आहे.

वर्गात आकृती काढण्याचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवता येईल. प्रथम वाक्यातील मुख्य क्रियापद शोधून ते वर लिहावे. त्यानंतर त्या क्रियापदाला कोण, काय, कोणाला, कशाने, कोठून, कोठे, केव्हा, कसे असे प्रश्न विचारावेत आणि मिळालेले प्रत्येक उत्तर एका फांदीवर लिहावे. जो शब्द क्रियापदाच्या प्रश्नाला थेट उत्तर देत नाही, तो कोणत्या शब्दावर टेकलेला आहे हे पाहून त्याखाली टांगावा. शेवटी कर्ता आणि कर्म यांपैकी ज्या फांदीला प्रत्यय लागलेला नाही तिच्याभोवती वर्तुळ काढावे.

हे वर्तुळ म्हणजे प्रयोगविचाराची किल्ली होय. पुढील तीन वाक्ये पाहावीत :

१. नाखवा दोरी ओढतो.
२. नाखव्याने दोरी ओढली.
३. नाखव्याने खलाशांना बोलावले.

पहिल्या वाक्यात कर्ता आणि कर्म या दोन्ही फांद्या प्रत्ययरहित आहेत. अशा वेळी क्रियापद कर्त्याच्या मागे जाते. हा कर्तरी प्रयोग होय. दुसऱ्या वाक्यात कर्त्याला 'ने' लागल्यामुळे वर्तुळ फक्त 'दोरी'भोवती पडते आणि क्रियापद स्त्रीलिंगी होते. हा कर्मणी प्रयोग होय. तिसऱ्या वाक्यात दोन्ही फांद्या सप्रत्यय आहेत. वर्तुळच नाही, म्हणून क्रियापद कोणाचेही ऐकत नाही. ते नपुंसकलिंगी एकवचनात स्थिर राहते. हा भावे प्रयोग होय. विद्यार्थ्याने तीन व्याख्या पाठ करण्याऐवजी आकृतीत वर्तुळ कोठे पडते एवढे पाहिले, तरी त्याला प्रयोग ओळखता येतो.

येथे एका अपवादाची सूचना आवश्यक आहे. 'मी दोरी ओढली' या वाक्यात 'मी' ला प्रत्यय दिसत नाही. तरीही क्रियापद 'दोरी'शी जुळते. 'मी'च्या जागी 'तो' घालून वाक्य म्हटल्यास 'त्याने दोरी ओढली' असे होते, यावरून 'मी' हे येथे तृतीयेचेच रूप असल्याचे स्पष्ट होते. 'तू', 'आम्ही', 'तुम्ही' यांच्याबाबतही हीच कसोटी वापरता येते.

चुकीचे निदान

आकृतीचा खरा उपयोग चुकीचे निदान करण्यासाठी होतो. विद्यार्थ्यांच्या लेखनात पुढील प्रकारचे वाक्य अपरिचित नाही : 'समितीने मच्छीमारांच्या मागण्यांचा विचार बैठकीत केली.' येथे 'केली' चूक असून 'केला' हवे, एवढे सांगून भागत नाही. कारण पुढच्या वाक्यात तीच चूक होते. आकृती काढली असता चूक कोठे उद्भवली ते दिसते. छपाईच्या सोयीसाठी येथे क्रियापदाची फांदी एका रेघेने आणि तिच्या उपफांद्या अधिक रेघांनी दर्शविल्या आहेत.

केला
— समितीने (कोणी?)
— विचार (काय?)
— — मागण्यांचा (कशाचा?)
— — — मच्छीमारांच्या (कोणाच्या?)
— बैठकीत (कोठे?)

वर्तुळ 'विचार' या शब्दाभोवती पडते. 'बैठकीत' हा शब्द क्रियापदाच्या अगदी शेजारी असला, तरी तो सप्रत्यय अधिकरण आहे. त्याच्या लिंगाचा क्रियापदाशी संबंध नाही. लिहिणाऱ्याने शेजार पाहिला, नाते पाहिले नाही. वाक्य जसजसे लांबत जाते तसतसा हा धोका वाढतो. अहवाल, अर्ज, प्रकल्पलेखन यांत विद्यार्थी जेव्हा लांब वाक्ये लिहू लागतो, तेव्हा त्याची वाक्ये का कोसळतात, याचे उत्तर बहुधा याच ठिकाणी मिळते.

संदिग्ध रचनांच्या बाबतीतही आकृती उपयोगी पडते. 'जुन्या बंदरावरील होड्या' या पदसमूहात जुने काय, बंदर की होड्या? 'जुन्या' हे 'जुने' या विशेषणाचे सामान्यरूपही आहे आणि 'जुनी' या स्त्रीलिंगी रूपाचे अनेकवचनही आहे. त्यामुळे दोन आकृत्या संभवतात आणि दोन्ही शुद्ध आहेत. एकवचन करताच संदिग्धता नाहीशी होते : 'जुन्या बंदरावरील होडी' म्हटले की बंदर जुने ठरते, 'बंदरावरील जुनी होडी' म्हटले की होडी. व्याकरणाचा संबंध केवळ शुद्धाशुद्धतेशी नसून अर्थाशी आहे, हे विद्यार्थ्याला पटवून देण्यास एवढे एक उदाहरण पुरेसे आहे.

बोली, प्रमाणभाषा आणि आकृती

जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाच्या मराठीविषयक खंडात (१९०५) तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातील आगरी बोलीची नोंद आहे. १९८१ मध्ये या जिल्ह्याचे नामांतर रायगड असे झाले. अलीकडच्या काळात डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी मराठीच्या बोलींचे सर्वेक्षण हाती घेतले. अभ्यासकांच्या लेखी बोलीला व्याकरण असते, याविषयी शंका उरलेली नाही. ही गोष्ट वर्गात मात्र अजून पुरेशी पोहोचलेली नाही.

'मला पाणी दे' हे प्रमाण मराठीतील वाक्य आणि 'मना पानी दे' हे आगरीतील वाक्य यांच्या आकृत्या शेजारी शेजारी काढाव्यात. माथ्यावर 'दे', एका फांदीवर 'काय?' चे उत्तर, दुसऱ्या फांदीवर 'कोणाला?' चे उत्तर. 'पाणी'च्या जागी 'पानी' आहे, 'मला'च्या जागी 'मना' आहे. फांद्यांची संख्या, त्यांचे कार्य आणि त्यांचा आधार यांत तिळमात्र फरक नाही. 'ला' हा प्रत्यय जे काम करतो तेच काम 'ना' करतो. म्हणजेच बोलीत प्रत्यय नाही असे नसून प्रत्यय निराळा आहे.

या निरीक्षणाचा अध्यापनाच्या दृष्टीने मोठा लाभ आहे. विद्यार्थ्याला प्रमाण मराठी शिकावी लागते, ती शिकवणे हे महाविद्यालयाचे कर्तव्यच आहे. परंतु 'तुझी भाषा चूक आहे, ही बरोबर आहे' असे सांगून शिकवणे आणि 'सांगाडा तुझ्याजवळ आहेच, या प्रसंगी त्यावर ही रूपे घाल' असे सांगून शिकवणे यांत फार अंतर आहे. पहिल्या मार्गाने विद्यार्थी आपल्या आईच्या बोलण्याची लाज बाळगू लागतो. दुसऱ्या मार्गाने त्याला आपण शून्यापासून आरंभ करत नसल्याचा विश्वास येतो. 'न-ण', 'ल-ळ' यांच्या चुका उच्चाराच्या आणि लेखनाच्या पातळीवरच्या आहेत, तर 'विचार केली' ही चूक रचनेच्या पातळीवरची आहे. हा फरक आकृतीमुळे विद्यार्थ्याप्रमाणेच परीक्षकालाही स्पष्ट होतो. गुणदान करताना दोन्ही चुकांना एकच माप लावणे मग योग्य वाटत नाही.

पदक्रमाची बाब : कोर्लईचा दाखला

आकृती पदांचे नाते दाखवते, क्रम दाखवत नाही. 'नाखव्याने खलाशांना पैसे दिले' आणि 'पैसे दिले नाखव्याने खलाशांना' या दोन्ही वाक्यांची आकृती एकच येते. नाते कायम राहून क्रम कसा बदलतो, याचे विलक्षण उदाहरण याच किनाऱ्यावर आहे. कुंडलिकेच्या मुखाशी, रेवदंड्यासमोर वसलेल्या कोर्लई गावात ख्रिस्ती समाजाची पोर्तुगीजपासून उत्पन्न झालेली एक मिश्रभाषा बोलली जाते. चौलचा प्रदेश १७४० मध्ये पोर्तुगीजांच्या हातून मराठ्यांकडे गेला. भाषा मात्र टिकली. अमेरिकी भाषाभ्यासक जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांच्या १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात या भाषेचा सविस्तर अभ्यास आहे. पोर्तुगीजमध्ये क्रियापदानंतर कर्म येते. कोर्लईच्या भाषेत मराठीच्या दीर्घ सहवासाने कर्म क्रियापदाच्या आधी येऊ लागले. कर्त्याचे आणि कर्माचे क्रियापदाशी नाते होते तेच राहिले, त्यांच्या रांगेतील जागा बदलल्या.

इंग्रजीच्या अध्यापकांनाही हा दाखला उपयोगी आहे. मराठी आणि इंग्रजी वाक्यांची एकच आकृती काढून 'येथून मराठीत शेवटी क्रियापद, इंग्रजीत मधे क्रियापद' असा प्रवास दाखवल्यास विद्यार्थी शब्दाला शब्द ठेवण्याची सवय सोडू शकतो. मराठी आणि इंग्रजी विभागांनी मिळून अशी एखादी तासिका घेणे शक्य आहे.

मर्यादा आणि पुढील पायरी

आकृतीविषयी अवास्तव अपेक्षा बाळगणे योग्य नव्हे. रिचर्ड ब्रॅडॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या अहवालात केवळ औपचारिक व्याकरण शिकवल्याने लेखन सुधारत नाही, असा निष्कर्ष काढला होता; पुढे तेथे आकृतिपद्धती मागे पडण्यास असे निष्कर्षही कारणीभूत झाले. स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन यांच्या २००७ मधील अहवालातही सुट्या व्याकरणपाठांचा लेखनाला लाभ होत नसल्याचे दिसते. मात्र लहान वाक्ये जोडून मोठे वाक्य घडवण्याच्या सरावाचा लाभ होतो, असे त्याच अहवालात नमूद आहे. या दोन निष्कर्षांतून आकृतीच्या वापराची दिशा ठरते. वाक्य मोडून आकृती काढणे हे अर्धे काम आहे. आकृतीवरून वाक्य घडवणे हे उरलेले अर्धे काम होय.

उदाहरणार्थ, 'जो नाखवा भरतीची वेळ ओळखतो, त्याची होडी खाडीत अडकत नाही' या मिश्रवाक्याच्या दोन आकृत्या होतात आणि 'जो नाखवा' व 'त्याची' ही पदे तुटक रेषेने जोडली जातात. विद्यार्थ्याला या दोन आकृत्यांची एकच आकृती करण्यास सांगावे. 'ओळखतो' चे 'ओळखणाऱ्या' करून ती फांदी 'नाखव्याची' या शब्दाखाली टांगली की वाक्य तयार होते : 'भरतीची वेळ ओळखणाऱ्या नाखव्याची होडी खाडीत अडकत नाही.' कोणते वाक्य कोणत्या प्रसंगी चांगले, याची चर्चा त्यानंतर घ्यावी. पहिल्यात म्हणीचा डौल आहे, दुसऱ्यात अहवालाला शोभणारा आटोपशीरपणा आहे. येथे व्याकरणाचा तास लेखनाचा तास होतो.

आणखी काही पथ्ये पाळणे इष्ट आहे. 'च', 'ही', 'तर' यांसारख्या अव्ययांनी येणारा अर्थाचा जोर आकृतीत नीट मावत नाही. तो वाचूनच दाखवावा लागतो. एका तासिकेत तीन-चार वाक्यांपेक्षा अधिक वाक्ये घेऊ नयेत आणि ती शक्यतो विद्यार्थ्यांच्याच लेखनातून, नाव न सांगता घ्यावीत. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आकृती काढणे हा परीक्षेतील प्रश्न करू नये. तसे केल्यास रकान्यांचे जे झाले तेच रेषांचे होईल. मार्गदर्शकांत तयार आकृत्या छापल्या जातील आणि विद्यार्थी त्या पाठ करतील.

समारोप

वाक्याची आकृती ही फळा आणि खडू एवढ्याच साधनांवर चालणारी पद्धत आहे. तिचे महत्त्व ती शब्दांची नावे पाठ करवून घेत नाही, त्यांची नाती शोधायला लावते, यात आहे. मराठीसाठी ती क्रियापदापासून काढावी, चुकीच्या निदानासाठी वापरावी, तिच्यावरून नवी वाक्ये घडवून घ्यावीत आणि तिच्यात बोलीतील वाक्यांना प्रमाणभाषेतील वाक्यांच्या शेजारी जागा द्यावी. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्यास मंजुरी दिली. या भाषेच्या प्राचीनतेचा गौरव करताना तिच्या आजच्या बोलणाऱ्यांपैकी कोणालाही आपली बोली व्याकरणाबाहेरची वाटू नये, याची काळजी वर्गाने घ्यावयाची आहे. 'मना पानी दे' या वाक्याची आकृती फळ्यावर काढणे, हा त्या दिशेने टाकता येण्याजोगा एक सोपा आरंभ ठरेल.